निर्दोष सुटका आणि साक्षांकन नमुन्यातला ‘नाही’

सरकारी नोकरीत रुजू होताना उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो. कधी अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, हे त्यात वेगवेगळे विचारलेले असते. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर अपात्र ठराल, हा इशारा माथ्यावरच छापलेला असतो. तो वाचतो कोण! ‘निर्दोष सुटलो, केस मिटली, रेकॉर्ड कोरं झालं’ म्हणत रकान्यात बेधडक ‘नाही’ लिहिले जाते.

सुटका झाली म्हणून झालेली अटक न झालेली होत नाही, आणि प्रश्न अटकेचा असतो. प्रौढांचे रेकॉर्ड सुटकेनंतर आपोआप पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. नमुना पोलिसांच्या विशेष शाखेमार्फत राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो. उदाहरणार्थ, ठाणे शहरातल्या माजिवड्याच्या बऱ्याच उमेदवारांसाठी ते कापूरबावडी पोलीस ठाणे. ठाण्याच्या नोंदी आणि सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली तपासता येते. घर बदलूनही सुटका नाही. मागच्या पाच वर्षांत जिथे वर्षाहून जास्त मुक्काम झाला ते सगळे पत्ते नमुन्यातच मागितलेले असतात, डोंबिवलीची जुनी भाड्याची खोलीसुद्धा.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग प्रकरणात (२१ जुलै २०१६) हा घोळ निस्तरला. विचारलेली माहिती खरीच द्यायची. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखे क्षुल्लक प्रकरण दडवले असेल, तर नियोक्ता ते माफ करू शकतो. उलट सगळे खरे सांगितले, खटलाही संपला, तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार उरतोच. नेमणूक द्याच, अशी सक्ती करता येत नाही. ‘खरं सांगितलं की नोकरी पक्की’ हाही भ्रमच. मात्र जे विचारलेच नव्हते, ते न सांगणे म्हणजे दडवणे नव्हे.

गैरसमज आणखीही आहेत. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ही एफआयआर नव्हे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासही करता येत नाही.

अल्पवयातला गुन्हा आयुष्यभर चिकटत नाही: बाल न्याय अधिनियम २०१५, कलम २४. अपवाद सोळा वर्षांवरच्या, घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा.

पासपोर्टबाबतही असाच गैरसमज असतो. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(च) मधली अडचण न्यायालयात प्रलंबित असलेल्या फौजदारी कार्यवाहीची आहे, नुसत्या तक्रारीची नव्हे. तिथेही न्यायालयाची परवानगी आणली, तर १९९३ च्या अधिसूचनेनुसार मुदतीचा पासपोर्ट मिळतो.