संपादक वामनराव आणि कथाकार वामनराव

वृत्तपत्राची कचेरी आणि कथाकाराची बैठक यांचे नाते फार जुने आहे. मात्र ते प्रथमदर्शनी वाटते तितके सोयीचे नाही. संपादकास निर्णय द्यावा लागतो. आज जे घडले ते बरे की वाईट, कोणाचे चुकले, लोकांनी काय करावे, हे त्याने उद्याच्या अंकात सांगितलेच पाहिजे. कथाकाराने इतकी घाई केली तर त्याची कथा बिघडते. त्याला वादीचेही ऐकावे लागते आणि प्रतिवादीचेही, आणि पुष्कळ वेळा निकाल वाचकांवर सोपवून स्वस्थ बसावे लागते. असे असूनही जगातील कितीतरी नामांकित कथाकार छापखान्याच्या शाईत हात बुडवूनच पुढे आले. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढले व त्यातूनच त्यांच्या कादंबऱ्या आणि स्फुट गोष्टी घरोघर पोचल्या. अमेरिकेतील ओ. हेन्री हाही मूळचा वृत्तपत्रकारच.

कै. वामन मल्हार जोशी यांचे नाव निघाले म्हणजे बहुतेकांस ‘रागिणी’ आठवते, फार तर हिंगण्याचे सौम्य प्रकृतीचे प्राध्यापक आठवतात. परंतु ‘रागिणी’ लिहिण्यापूर्वी कोल्हापुरातील एका मासिकाच्या संपादनापायी त्यांनी तीन वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा भोगली, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व लेखनाचे मर्म समजावयाचे असेल, तर आरंभ कोल्हापुरापासूनच केला पाहिजे.

करवीरनगरी आणि वृत्तपत्रकारांचा कारावास यांचा संबंध त्याही आधीचा आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांतून केलेल्या लेखनाबद्दल १८८२ साली टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारे ते लेखन झाले होते ती खोटी ठरली होती आणि दोघांनी माफीही मागितली होती; तरी शिक्षा चुकली नाही. संपादकाच्या धंद्यात हेतू शुद्ध असून भागत नाही, हा धडा महाराष्ट्रास त्या वेळी मिळाला.

पुढे कोल्हापुरातच प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी नियतकालिकांचा मोठा उद्योग उभारला. विजापूरकर मूळचे कोल्हापूरचेच. राजाराम कॉलेजात ते संस्कृतचे अध्यापन करीत. मराठी भाषेत भारदस्त विषयांवरील ग्रंथ निर्माण व्हावेत, या हेतूने त्यांनी १८९४ साली ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढले. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांचे लेखन त्यात प्रसिद्ध होई. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांची लाट देशभर उसळली, तेव्हा विजापूरकरांनी समर्थ विद्यालय स्थापन केले आणि १९०६ साली ‘विश्ववृत्त’ हे मासिक सुरू केले. त्याच सुमारास तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झालेला कुलाबा जिल्ह्यातील तळे गावचा एक तरुण सरकारी नोकरीचा मार्ग सोडून त्यांना येऊन मिळाला. वामनरावांचा जन्म १८८२ चा. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे. विद्यालयात शिकवावयाचे आणि ‘विश्ववृत्ता’चे संपादन सांभाळावयाचे, असा दुहेरी भार त्यांनी पत्करला.

येथे कोल्हापूरच्या त्या वेळच्या परिस्थितीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. वेदोक्ताच्या वादामुळे श्रीशाहू छत्रपती आणि शहरातील ब्राह्मणवर्ग यांच्यात मोठी तेढ उत्पन्न झालेली होती, आणि विजापूरकर महाराजांच्या विरोधकांत गणले जात. वेदमंत्रांनी आपली धर्मकृत्ये व्हावीत, ही महाराजांची मागणी न्यायाची होती, असे आज मागे वळून पाहताना आम्हांस वाटते. ती नाकारण्यात आपल्या वर्गाने शहाणपण दाखविले नाही. पण इतिहासाचा खेळ मोठा विलक्षण! वेदमंत्रांचा अधिकार कोणाचा, यावरून जेथे इतके रण माजले, त्याच शहरातील संपादकांस थोड्याच वर्षांत वेदमंत्रांच्या अर्थावरून बंदिवासात जावे लागले.

प्रकार असा घडला. वेदांचे गाढे अभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयी एक लेख ‘विश्ववृत्ता’त लिहिला. आपले प्राचीन ऋषी देवापाशी दीनवाणी याचना करीत नसत, बल, तेज आणि शत्रूवर विजय मागत असत, असा त्या लेखाचा रोख होता. एरवी असा लेख दहा-पाच शास्त्रीपंडितांनी वाचला असता आणि विसरला असता. परंतु साल १९०८ होते. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटाने सरकार बिथरले होते. वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा झाला होता. टिळकांस सहा वर्षांची, तर ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांस एकोणीस महिन्यांची शिक्षा त्याच वर्षी झाली. मंत्रांतील ‘शत्रु’ या शब्दाचा अर्थ सरकारने आपल्यापुरता लावून घेतला. खटला होऊन विजापूरकरांस शिक्षा झाली. मुद्रकही सुटला नाही. आणि वामनरावांच्या वाट्यास तीन वर्षे सक्तमजुरी आली. समर्थ विद्यालयही सरकारी रोषास बळी पडून १९१० मध्ये बंद झाले.

ज्या तरुणाने तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत न्याय-अन्यायाची चर्चा वाचली होती, त्यास ती आता अंगावरच्या कैद्याच्या कपड्यांनी शिकविली. येथे ओ. हेन्रीचे स्मरण होते. त्याचे खरे नाव विल्यम सिडने पोर्टर. टेक्सास प्रांतात त्याने एक विनोदी साप्ताहिक चालविले, पुढे ह्यूस्टन शहरातील दैनिकात सदर लिहिले. आणि बँकेतील जुन्या नोकरीत अफरातफर केल्याच्या आरोपावरून १८९८ मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले. तेथे त्याने तीन वर्षांहून अधिक काळ काढला, तुरुंगातूनच कथा लिहून मासिकांकडे पाठविल्या, आणि सुटल्यावर न्यूयॉर्कमधील सामान्य माणसांच्या गोष्टींनी अमेरिकेस वेड लावले. दोघांच्या अपराधांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकावर पैशाचा आरोप, दुसऱ्यावर दुसऱ्याच्या लेखाचा. पण दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान आढळते: जगाने ज्यांस दोषी ठरविले, ते बाहेर आल्यावर जगास दोषी ठरविण्याच्या नादी लागले नाहीत.

वामनरावांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. अशा शिक्षेनंतर मनुष्य एक तर भेदरून गप्प बसतो, नाही तर कडवट होतो. वामनराव गप्पही बसले नाहीत आणि कडवटही झाले नाहीत. काही काळ पुन्हा वृत्तपत्रांत काम करून ते कथा-कादंबरीकडे वळले. ‘रागिणी’ १९१५ मध्ये आली. पुढच्याच वर्षी ‘आश्रमहरिणी’ ही छोटी कादंबरी आणि ‘नवपुष्पकरंडक’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. नंतर ‘नलिनी’, ‘सुशीलेचा देव’ आणि १९३४ साली ‘इंदु काळे व सरला भोळे’ या कादंबऱ्या झाल्या. १९१८ पासून त्यांनी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेस वाहून घेतले आणि महिला विद्यापीठाच्या पाठशाळेत मुलींस शिकविण्यात उरलेले आयुष्य वेचले. १९३० साली मडगाव येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि १९४३ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कथांत नवीन ते काय होते? एका वाक्यात सांगावयाचे तर, त्यांच्या स्त्रिया विचार करतात आणि तो बोलून दाखवितात. हरिभाऊंच्या यमूने आपले दुःख सांगितले व महाराष्ट्राचे डोळे पाणावले. वामनरावांच्या उत्तरेने आपले मत सांगितले आणि महाराष्ट्राला उत्तर शोधणे भाग पाडले. ‘रागिणी’त पतिनिष्ठ, सोशीक रागिणी आहे आणि स्त्रियांच्या हक्कांविषयी निर्भीडपणे वाद घालणारी उत्तराही आहे, लेखकाने एकीस देव्हाऱ्यात बसवून दुसरीस खलनायिका केलेले नाही. ‘आश्रमहरिणी’त पुराणकालीन आश्रमाचे वातावरण घेऊन पुनर्विवाहाचा, इतकेच नव्हे तर अपवादात्मक प्रसंगी एका स्त्रीस दोन पती असण्याचा प्रश्न त्यांनी पुढे मांडला. त्या काळी हा विषय चारचौघांत उच्चारणेही कठीण! तरी लेखनात कोठे चेकाळणे नाही की चिथावणी नाही. ‘सुशीलेचा देव’ या कथेत एका मुलीची देवाविषयीची कल्पना वयाबरोबर कशी बदलत व विशाल होत जाते, ते दाखविले आहे. जिच्या घरी देवघर आहे आणि जिच्या मनात शंका आहे, अशा प्रत्येक सुशिक्षित स्त्रीची ती कथा होय.

संपादक म्हणून त्यांनी जो लेख छापला, त्याचा एकच अर्थ लावून न्यायासनाने त्यांना तुरुंगात धाडले. कथाकार म्हणून त्यांनी असा एकही प्रश्न हाती घेतला नाही, ज्याचे दोन अर्थ त्यांनी वाचकांपुढे ठेवले नाहीत. आमच्या मते कोल्हापूरच्या त्या खटल्याने त्यांना दिलेली ही देणगी आहे. सॉक्रेटिसाचे संवाद त्यांनी मराठीत आणले, हाही आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. अथेन्सच्या त्या वृद्धावरही शब्दांबद्दलच खटला झाला होता, आणि त्याचीही रीत निर्णय ठोकून देण्याची नव्हती, प्रश्न विचारण्याची होती.

या गुणाच्या पोटी एक दोषही येतो, तो लपविण्यात अर्थ नाही. वामनरावांची पात्रे बोलतात फार. कथानक वाटेत थांबते, चर्चा रंगते, आणि कथानकाची पुन्हा आठवण होईपर्यंत चार-सहा पाने उलटलेली असतात. कित्येक टीकाकारांनी त्यांच्यावर निर्णय टाळण्याचाही आरोप केला. दोन्ही बाजू इतक्या समतोलपणे मांडल्या की लेखकाची स्वतःची बाजू हाती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य आहे. पण ‘इंदु काळे व सरला भोळे’ वाचणारास त्यावरील उत्तरही सापडते. ही कादंबरी सर्वस्वी पत्ररूप आहे. प्रत्येक पत्र लिहिणारा आपल्या जागी खरा असतो, आणि पुढील पत्र येईपर्यंत आपणही त्याच्याच पक्षाचे होतो. कला आणि नीती यांचे भांडण त्या पत्रांतून असे उलगडत जाते की, शेवटी निकाल देण्याऐवजी माणसे समजून घेण्याकडे आपले मन वळते.

कलेचा आणि जीवनाचा हा वाद पुढे पुष्कळ गाजला, आणि त्याची दोन प्रमुख नावे पुन्हा कोल्हापुराशीच निगडित आहेत. प्रा. ना. सी. फडके अनेक वर्षे राजाराम कॉलेजात अध्यापन करीत होते, वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरास स्थायिक झाले. एकाने कलेचा पक्ष घेतला, दुसऱ्याने जीवनाचा. वामनरावांनी सत्य, शिव व सुंदर ही तिन्ही मूल्ये आपापल्या जागी मान्य करून त्यांचा मेळ कसा बसेल, हे तत्त्वज्ञाच्या शांतपणाने तपासले. वादात ज्यांचा आवाज मोठा त्यांची नावे लोकांच्या तोंडी अधिक राहिली, यात नवल नाही.

वामनरावांचा वारसा कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही पुस्तकांच्या यादीकडे बोट दाखविणार नाही. एका छपराखाली तीन पिढ्या नांदतात तेथे मतभेद होणारच. सासऱ्यांची निष्ठा एक, मुलाचे विचार दुसरे, सुनेचे आणखी तिसरे. अशा घरी दोन मार्ग सोपे असतात: वडिलांनी दरडावणे, नाही तर धाकट्यांनी वेगळी चूल मांडणे. तिसरा मार्ग कठीण. समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या शब्दांत आपणच मांडून दाखवावयाचे आणि मग आपले म्हणणे सांगावयाचे. वामनरावांनी आपल्या कथांतून मराठी घरांस हा तिसरा मार्ग दाखविला. शिक्षा भोगून आलेल्या मनुष्याने तो दाखविला, म्हणून त्याचे मोल अधिक.

घरच्या कपाटात ‘रागिणी’ किंवा ‘इंदु काळे’ असेल तर ती खाली काढावी, आणि एकट्याने न वाचता चार जणांत मोठ्याने वाचावी. वाचता वाचता वाद होईल. तो होऊ द्यावा. वामनरावांची इच्छा याहून वेगळी नव्हती.