घशातला पांढरा खडा

आमची भाची सदाशिव पेठेत राहते. एरवी भारी बडबडी. पण गेल्या दिवाळीत फराळाला आली ती तोंडावर रुमाल धरूनच. चकलीचे कौतुकही तिने मानेनेच केले! शेवटी स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून रडवेली होत म्हणाली, "मावशी, माझ्या तोंडाला वास येतो गं. घशात काहीतरी पांढरं दिसतंय. कॅन्सर तर नसेल?"

आजेसासूबाईंनी 'पोट साफ नाही' म्हणून महिनाभर त्रिफळाचूर्ण दिले होते. हिने आरशासमोर उभे राहून केसांच्या पिनेने घसा टोकरला होता. रक्त आले, तशी मुलगी पुरती घाबरली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि हसून म्हणाले, "हा टॉन्सिलमधला खडा. रोग नव्हे, केर आहे केर!"

टॉन्सिल काही गुळगुळीत नसतात. त्यांच्यात खोल खळगे असतात. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि जंतू तिथे अडकतात. त्यावर कॅल्शियमचे क्षार बसले की पांढरा-पिवळसर खडा तयार होतो. तो बहुधा तांदळाच्या कणीएवढाच असतो. पण त्यातले जंतू गंधकाचे वायू सोडतात, म्हणून दुर्गंधी! घशात काही अडकल्यासारखे वाटते. कधी कान दुखतो. पुष्कळांना मात्र खडा असल्याचा पत्ताही नसतो. आणि तोंडाला येणारा प्रत्येक वास काही खड्याचा नसतो. बहुतेक वेळा त्याचे मूळ जिभेवर किंवा हिरड्यांत असते.

मग काढायचा कसा? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून जोरात गुळण्या कराव्यात. पुष्कळदा तेवढ्यानेच तो सुटतो. नीट दिसत असेल, तर ओल्या कापसाच्या काडीने बाजूने अलगद दाबावे. निघाला नाही, तर सोडून द्यावे. राहिल्याने अपाय होत नाही. पिन, टाचणी, चिमटा यांना मात्र हातही लावू नये. टॉन्सिल नाजूक असतात आणि रक्त लवकर येते.

पण प्रत्येक पांढरे म्हणजे खडा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ताप, गिळताना वेदना आणि लालभडक सुजलेले टॉन्सिल असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मुलाच्या घशात करडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसला, तर घटसर्पाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा. आणि एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत असेल, आपोआप रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर खड्यावर भागवू नका. तंबाखू खाणाऱ्यांनी आणि ओढणाऱ्यांनी तर मुळीच नको. दवाखान्याच्या खर्चाची धास्ती असेल, तर १८६७ पासून पुणेकरांच्या सेवेत असलेले ससून आहेच. तिथे कान-नाक-घशाचा विभाग आहे.

"मग टॉन्सिलच काढून टाका ना!" भाची म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, पुढे आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही घसा दुखतो आणि रक्तस्रावाचा धोका असतो. खडे सारखेसारखे होऊन माणूस जेरीस आला, तरच तो विचार.

त्यांनी सांगितलेले पथ्य अगदी साधे होते: दोन वेळा दात घासावेत, जीभ खरवडावी, पाणी भरपूर प्यावे, सिगारेट टाळावी आणि काहीही खाल्ले की खळखळून चूळ भरावी. हे ऐकून मला हसूच आले. खाऊन उठले की चूळ, हा आमच्या वाड्यातला नियमच होता. आता मधल्या वेळी चहा-बिस्किटे खाऊन आपण तसेच कामाला लागतो! आजेसासूबाईंचे चूर्ण चुकले खरे. पण त्यांची चूळ बरोबर होती.

यंदा भाची फराळाला आली, तेव्हा रुमाल पर्समध्येच राहिला. खडा अधूनमधून होतो म्हणे, पण आता ती घाबरत नाही. चिवडा संपला, उठली, चूळ भरली आणि पुन्हा गप्पांना बसली. आता तिला गप्प कसे करावे, एवढीच आम्हांला चिंता!