कौशल्याचा रकाना कोण भरतो?

मागच्या महिन्यात उमरगा तालुक्यातील एक तरुण धाराशिवच्या कोर्टात आम्हाला भेटायला आला. एम.कॉम. झालेला, पुण्यात सी.ए.च्या एका मोठ्या फर्ममध्ये पाच वर्षांपासून नोकरीला. हातात दाव्याचे कागद नव्हते, मोबाईलवर एक फॉर्म होता. फर्मने सर्व कर्मचाऱ्यांना आपापली कौशल्ये संगणकात नोंदवायला लावली. त्या नोंदी वाचून एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र, कोणाला कोणत्या ग्राहकाच्या कामावर पाठवायचे ते सुचवते. या मुलाने आठ कौशल्ये लिहिली होती. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने त्रेचाळीस! तीन महिने याच्या नावाने एकही काम निघाले नव्हते. वरिष्ठांनी तोंडी सांगितले, स्किल कमी पडते. त्याचा प्रश्न एवढाच होता, "वकीलसाहेब, यावर केस होते का?"

आजच्या कायद्याने जवळपास होत नाही. का होत नाही, हे समाजातील शिकल्या-सवरल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. कारण खाउजाच्या धोरणाने सरकारी नोकरी आटली आणि आपली मुले याच फर्ममध्ये गेली. हिशेब, सल्ला, वकिली, संगणक यांचा धंदा करणाऱ्या या संस्था माल विकत नाहीत. माणसाचे तास आणि माणसाचे ज्ञान विकतात. पूर्वी पद आणि पदवी पाहून काम वाटले जाई. आता म्हणतात, पदवी बाजूला ठेवा, प्रत्यक्ष काय येते ते पाहू. याला कौशल्याधारित मनुष्यबळ नियोजन असे भारदस्त नाव आहे.

तत्त्व म्हणून आमचा त्याला विरोध नाही. उलट हे तत्त्व आमचेच आहे. १९४१ साली आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे काय होते? अंगात काहीही गुण असो, जन्माने नेमून दिलेले काम करायचे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. तेव्हा आडनावाने बंद झालेली दारे कौशल्याने उघडणार असतील, तर यंत्राला हार घालायला आम्ही सर्वांत पुढे असू.

परंतु यंत्र शिकते कशावरून? फर्मच्या जुन्या दप्तरावरून. कोणाला घेतले, कोणाला बढती दिली, कोणाला चांगला शेरा मिळाला, यावरून. ते दप्तर कोणी लिहिले, हे प्रस्थापितांनी सांगावे! डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आमच्या वाचकांना ठाऊक असेल. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे म्हणाले, आम्ही गुणवत्ताच पाहतो. पण उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमी विचारणेही त्यांना तितकेच आवश्यक वाटत होते. या असल्या निवडींचे दप्तर यंत्राच्या पुढ्यात टाकले, तर ते दुसरे काय शिकणार?

अमेरिकेत हे घडून गेले आहे. अॅमेझॉन कंपनीने भरतीसाठी यंत्र तयार केले, त्याला दहा वर्षांचे अर्ज शिकवले. अर्जात महिलांच्या संस्थेचा उल्लेख दिसला की ते गुण कमी करू लागले. कंपनीला ते यंत्र गुंडाळावे लागले आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. तिथे ती उघडकीस आली, कारण स्त्री कोण आणि पुरुष कोण हे तपासता येत होते. आपल्याकडची कंपनी छाती पुढे काढून सांगते की आम्ही जात विचारतच नाही. मग जातीमुळे कोण मागे राहिले, हे मोजणार कसे? जात न विचारण्याचा हा मोठेपणा पुराव्याच्या मुळावरच येतो. चॅटजीपीटीने एका दलित उमेदवाराच्या अर्जातील इंग्रजी सुधारता सुधारता त्याचे आडनावच बदलून शर्मा करून टाकल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याने स्वतः पाहिले म्हणून कळले. फर्मच्या संगणकात आत काय चालते, ते कोण पाहणार?

आता ताजे उदाहरण घेऊ. टीसीएस ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी; २०२५ च्या मध्याला तिचे मनुष्यबळ सहा लाखांवर होते. जून २०२५ मध्ये तिने नियम केला की वर्षात ३५ दिवसांपेक्षा जास्त बेंचवर राहायचे नाही. (आमच्या कोर्टात बेंच म्हणजे न्यायमूर्ती, पुण्याच्या आयटीत बेंच म्हणजे काम न मिळालेला माणूस.) पुढच्याच महिन्यात सुमारे १२ हजार लोकांना कमी करण्याची घोषणा झाली. हे एआयमुळे नाही, कौशल्य जुळत नसल्यामुळे आणि काम देता येत नसल्यामुळे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. बहुतेक लोक मधल्या आणि वरच्या पदांवरचे होते. त्यांत आपले किती, हे आम्ही सांगू शकत नाही. कंपनीही सांगू शकणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. 'कौशल्य जुळत नाही' हे नोकरी जाण्याचे प्रतिष्ठित कारण झाले आहे, आणि ते कोणी ठरवले, कशावरून ठरवले, हे कर्मचाऱ्याला लेखी देण्याची गरज कुणाला वाटत नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाचे सोळावे कलम राज्यसंस्थेला बांधते, खाजगी फर्मला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे, अशी तरतूद आहे. चांगली आहे. पण काम व्यवस्थापकीय ठरले की तो माणूस कामगारच राहत नाही, आणि या फर्म पोरसवदा मुलांनाही असिस्टंट मॅनेजर करून ठेवतात. कोर्ट पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहते हे खरे; तोवर चपला झिजतात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्यातही मेख मारलेली आहे. आपली माहिती कशी वापरली हे विचारण्याचा हक्क संमतीशी जोडलेला आहे, आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे. म्हणजे ज्याला विचारायची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच तोंडावर बोट!

न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून भरती आणि बढतीच्या अशा यंत्राची वंश आणि लिंग यांच्या अंगाने दरवर्षी बाहेरच्या तपासनीसाकडून तपासणी करून निष्कर्ष जाहीर करावा लागतो. इथे तोच कायदा जातीच्या अंगाने का होऊ नये? कर्मचाऱ्याने स्वेच्छेने दिलेली जातीची नोंद फक्त या तपासणीसाठी वेगळी ठेवावी, आणि यंत्राचे ऐकून काम नाकारले तर कारण लेखी द्यावे. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची आपली मागणी जुनी आहे आणि ती कायम आहे. पण ती मान्य होईपर्यंत हे यंत्र वाट पाहत थांबणार नाही.

त्या मुलाला आम्ही बार रूममध्ये बसवले आणि फॉर्म पुन्हा उघडला. आठच का लिहिलीस, असे विचारले तर म्हणाला, "बाकीचं काय, ते तर येतंच की." कानडी येते, सीमेवरच्या गावात कुणाला येत नाही? पतसंस्थांचे विस्कटलेले दप्तर लावता येते. वडील रोजगार हमीवर असताना हजेरीपट आणि मजुरी ताडून पाहण्याचे काम शाळेत असल्यापासून त्याच्याकडे होते. कारखान्याच्या गोदामात साठा मोजताना मुकादमाशी कसे बोलायचे, हे त्याच्या साहेबांना अजून जमत नाही. यातले एकही कौशल्य आहे असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. शेजारच्याने मात्र 'नेतृत्व', 'संवाद' आणि 'चिकित्सक विचार' असे तीन वेगवेगळे रकाने भरले होते.

दुपारपर्यंत एकोणतीस झाली. पुण्याला जाऊन त्याने ती नोंदवली. परवा त्याचा फोन आला. प्रत्येक कौशल्याला वरिष्ठांची मान्यता लागते, त्याशिवाय यंत्र ते वाचत नाही. अकरांना मान्यता मिळाली आहे. अठरांपुढे 'प्रलंबित' असे दिसते. कानडी त्यांत आहे.