कडुनिंब वाळतोय? कुऱ्हाड आणण्याआधी हे वाचा!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी सावलीत लावायला आपण सगळेच धडपडतो. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही सावली बहुतेक वेळा कडुनिंबाचीच असते. आता जरा मान वर करून बघा. फांद्यांचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी दिसतात का?

दिसत असतील, तर तो शेंडेमर रोग असू शकतो, म्हणजे डायबॅक. 'फोमोप्सिस अझॅडिरॅक्टी' नावाची बुरशी तो करते. गंमत बघा, ज्याचा ५ टक्के निंबोळी अर्क आपले शेतकरी किडींवर फवारतात, तेच झाड आजारी पडतं! २०२१ मध्ये शेजारच्या तेलंगणात असे कडुनिंब मोठ्या प्रमाणावर वाळले. तिथे टी मॉस्किटो बग हा रस शोषणारा किडाही सापडला.

ओळखायचं कसं? फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडून गळतात, ती नेहमीची पानगळ. तिला घाबरायचं कारण नाही. रोग मात्र पावसाळ्यात सुरू होतो आणि पुढे वाढत जातो. आधी कोवळे शेंडे वाळतात, मग फांदी वरून खाली सुकत येते. बुरशीचे बीजाणू पाऊस-वाऱ्याबरोबर पसरतात.

एक सोपी टेस्ट करा. फांदीची साल नखाने थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे.

मग करायचं काय? वाळलेली फांदी, खाली थोडा हिरवा भाग घेऊन, छाटायची. छाटलेलं तिथेच टाकायचं नाही, नष्ट करायचं. कोयता दर झाडानंतर स्पिरिटने पुसायचा. रोपांवर कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक तज्ज्ञांना विचारून फवारता येतं, पण उंच झाडावर फवारणार कोण? तिथे छाटणी आणि धीर हेच औषध. रोगट झाडाच्या निंबोळ्या रोपांसाठी वापरू नका, बुरशी बियांतूनही जाते. आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर थोडी माती मोकळी करायला सांगा. मुळांना पाणी मिळालं तर झाडाला तग धरता येतो.

सगळ्यात मोठा धोका बुरशीचा नाही, घाईचा आहे. "वाळलं, तोडून टाका" म्हणणारे लगेच भेटतात. पण शेंडेमर झालेली बरीच झाडं पुढे नवी पालवी फोडतात. शिवाय शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, छाटणीआधीही महापालिकेला विचारा.

खात्री नसेल तर लांब जायची गरज नाही. १९७२ पासून आपल्या गावातच कृषी विद्यापीठ आहे. एनएसएसच्या पोरांनो, पोरींनो, रोगट फांदीचा नमुना घेऊन तिथल्या वनस्पती विकृतीशास्त्र विभागात जा, विचारा. रोप लावताना सेल्फी काढतोच आपण. यंदा एक उभं झाड वाचवून बघा.