रविवारी सकाळी नाचायला जाणारं शहर

घड्याळात रविवारचे सकाळचे अकरा वाजलेले असताना उल्हासनगरात दाल-पकवान खाणाऱ्यांची गर्दी असते. बर्लिनच्या घड्याळात तेवढेच वाजलेले असताना फ्रीडरिक्सहाइन भागातल्या एका जुन्या वीजकेंद्राबाहेर रांग असते, आणि ती नाचायला आलेल्या लोकांची असते. रात्रभर आत असलेले काही जण डोळ्यांवर गॉगल चढवून बाहेर पडतात, घरी नीट झोपून, आंघोळ-नाश्ता उरकून आलेले आत शिरतात. बर्गहाइन नावाचा हा क्लब शनिवारी रात्री उघडतो तो थेट सोमवारी सकाळपर्यंत चालतो. आमच्या बदलापूर-अंबरनाथकडून परदेशी गेलेलं कुणी हे फोनवर सांगायला लागलं की घरचे म्हणतात, ती माणसंच वेगळी, आपल्याला नाही जमणार ते. मला हे कधीच पटलेलं नाही. माणसं तीच असतात. रात्र मात्र शहराला घडवावी लागते, आणि बर्लिनची रात्र कशी घडली हे कळलं की आपल्या पट्ट्याकडे बघायची नजरच बदलते.

गोष्ट १९४९ च्या उन्हाळ्यातली. युद्धात बेचिराख झालेलं बर्लिन चार देशांच्या सैन्यांनी वाटून घेतलं होतं. सोव्हिएत नाकेबंदी मे महिन्यात नुकतीच उठली होती. हॉटेलं आणि खानावळी रात्री ठरल्या वेळी बंद करायचा हुकूम होता, पण पूर्वेकडची वेळ वेगळी आणि पश्चिमेकडची वेगळी. जिकडे उशिरापर्यंत चालू तिकडे गिऱ्हाईक जाणार, म्हणून दोन्ही बाजू आपापली वेळ पुढे ढकलत होत्या. तेव्हा हाइन्त्स त्सेलरमायर नावाचा एक हॉटेलवाला अमेरिकी कमांडंट फ्रँक हाउली यांच्याकडे गेला. जाताना सोबत व्हिस्कीची बाटली होती, असं बर्लिनमध्ये आजही सांगतात. त्याची मागणी साधी होती : बंद करायची वेळच काढून टाका. जूनमध्ये ती निघाली, आधी थोडे दिवस प्रयोग म्हणून. २०२० च्या साथीतला थोडा काळ सोडला, तर तो प्रयोग आजतागायत चालू आहे.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ ऑगस्ट १९४९ ला, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कल्याणजवळच्या एका जुन्या लष्करी छावणीत आले आणि तिथल्या वसाहतीला त्यांनी नाव दिलं : उल्हासनगर. सिंधमधून आलेले सुमारे ९४ हजार निर्वासित तिथे उतरवलेले होते. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बरॅकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटले गेले आणि त्याच संसारांतून पुढे धंदे उभे राहिले. आम्ही अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘चार नंबर’ असंच म्हणतो. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात, युद्धानं मागे टाकलेल्या दोन जागा, दोन्हीकडे फाळणी, आणि दोन्हीकडे उरलेल्या भिंतींतून काहीतरी नवं उभं करणारी माणसं. हा योगायोग लक्षात आल्यापासून मी त्याच्या प्रेमात आहे.

कारण बर्लिनचे क्लबही अशाच उरलेल्या भिंतींतून निघाले. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये कारखाने, गोदामं, तळघरं बेवारस झाली. कुणाच्या मालकीची, हेच ठरायला वर्षं लागणार होती. दिमित्री हेगेमान आणि त्याच्या मित्रांना व्हेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची जमिनीखालची तिजोरी सापडली. वरची इमारत नाहीशी झालेली, खाली मात्र लोखंडी गज आणि गंजलेले लॉकर तसेच. मार्च १९९१ मध्ये तिथे ‘ट्रेझोर’ सुरू झाला. जर्मनमध्ये तिजोरीलाच ट्रेझोर म्हणतात. तिथे वाजायचं ते टेक्नो मूळचं अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी ते घडवलं होतं. ओसाड कारखान्यांच्या गावाचं संगीत ओसाड तिजोरीत येऊन रुजलं. बर्गहाइन २००४ मध्ये उघडला तो वीजकेंद्रातच, जवळपास १८ मीटर उंच छताच्या दालनात.

आता आत जाऊ. दारात आपली झडती होते, आणि मग मोबाइलच्या भिंगावर एक लहानसा गोल स्टिकर चिकटवला जातो. पुढचा आणि मागचा, दोन्ही कॅमेरे झाकले जातात. फोटो काढताना दिसलात तर बाहेर. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा नियम जाचक वाटतो, पण थोड्या वेळानं त्याची करामत कळते. कुणीच कुणाला टिपत नाही म्हटल्यावर माणसं खांदे सैल सोडतात. साठीचे आजोबा एकटेच डोळे मिटून डुलत असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

मग अंगावर येतो तो खर्ज. त्याचं विज्ञान आमच्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला सोपं आहे, कारण आपण ते अंथरुणात पडल्या पडल्या अनुभवलेलं असतं. लग्नसराईत बदलापुरात तीन गल्ल्यांपलीकडे हळद असली, की गाणं कोणतं ते कळत नाही, पण ‘धुम धुम’ मात्र खिडकीच्या काचेपर्यंत येतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. सेकंदाला ५००० कंपनं असलेल्या बारीक सुराची लाट जेमतेम सात सेंटिमीटरची. ती भिंतीवर, पडद्यावर, झाडोऱ्यात अडते, जिरते. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाची लाट जवळजवळ सात मीटर लांब, म्हणजे दुमजली घराएवढी. ती कोपऱ्यावरून वळते, भिंतीला हलवून पार होते. बर्गहाइनबाहेरच्या रांगेतही असाच नुसता ठोका ऐकू येतो, आणि आत गेल्यावर त्या ठोक्यावर सुरांचा मजला चढतो.

हा खर्ज आपल्याला नाचवतो का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं हे एका खऱ्याखुऱ्या मैफलीत तपासलं. ऑर्फेक्स ही इलेक्ट्रॉनिक जोडी वाजवत होती. श्रोत्यांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे बांधले होते. कानाला जवळजवळ न कळणारा अतिखर्ज सोडणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले जात होते. ते चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले, आणि ते कधी चालू होते हे त्यांना सांगता आलं नाही. २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त हे प्रसिद्ध झालं. कातडी, छाती आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र यांना तो खर्ज जाणवत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे आपण ठरवायच्या आधीच शरीर नाचायला लागलेलं असतं!

आपल्या पट्ट्यात ‘नाइटलाइफ’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर डान्स बार येतो. राज्यानं २००५ मध्ये त्यावर बंदी आणली, हजारो बायकांची रोजीरोटी गेली, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतची लढाई २०१९ पर्यंत चालली. तो इतिहास वेगळा आणि दुखरा आहे. पण त्यामुळे आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलंय : रात्रीचा नाच म्हणजे एक नाचणार आणि बाकीचे बघणार. बर्लिनचा क्लब याच्या अगदी उलटा. तिथे प्रेक्षकच नाही.

आणि असाच प्रेक्षक नसलेला नाच आपल्या गावांत आहे. आगरी-कोळ्यांच्या हळदीला जाऊन बघा. मांडवात धवलारीण धवले गाऊन विधी उरकते, नवऱ्याला हळद लागते, आणि मग बेंजोवाले सुरू करतात. आजी, मावशी, वहिनी, शाळकरी पोरं, नवऱ्याचे मित्र, सगळे एकाच अंगणात. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका दादऱ्यासारखा सहा मात्रांचा, झुलवणारा. टेक्नोचा ठोका चारचा, सरळ आणि न थांबणारा. पण कुणाला नाचता येतं आणि कुणाला नाही, हा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारत नाही. रात्र जागवणंही इथे नवं नाही. शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० ला, वालधुनीकाठी बांधून झालेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीला अख्खं गाव जागं असतं.

त्या बेंजोकडे एकदा जवळ जाऊन बघा. लाकडी लांबट पेटी, वर तारा, आणि तारांवर टाईपरायटरसारखी बटणांची ओळ. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. हे वाद्य जपानी आहे. १९१२ च्या सुमारास नागोयातल्या मोरिता गोरो यांनी घरात सहज वाजवता यावं म्हणून ते बनवलं. तिकडे त्याचं नाव ताइशोगोतो. भारतात येऊन ते बुलबुलतरंग झालं आणि मुंबई-ठाण्याकडे बेंजो. पिकअप लावून, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ते हळदीत आणि मिरवणुकीत पोहोचलं.

क्लबांतल्या एका यंत्राची कहाणी अशीच जपानी आहे. रोलँड कंपनीनं १९८१ च्या अखेरीस टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी काढली. एकट्या गिटारवादकाला साथीला बेस मिळावा, एवढाच हेतू. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना, विक्री पडली, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. जुन्या बाजारात मातीमोल भावानं विकल्या जाणाऱ्या या पेट्या शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागल्या. त्यांनी बटणं वेडीवाकडी फिरवली, तसा एक वळवळता, खदखदता आवाज निघाला. १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड आली आणि अ‍ॅसिड हाऊस हे नाचाचं संगीत जगभर पसरलं.

ही रात्र टिकवायला बर्लिनला आजही खटपट करावी लागते. भाडी वाढली, शेजारी नवी घरं आली, तक्रारी सुरू झाल्या. वॉटरगेटसारखा नावाजलेला क्लब २०२४ च्या अखेरीस बंद पडला. तक्रारी मिटाव्यात म्हणून शहरानं त्याआधीच क्लबांना भिंती ध्वनिरोधक करून घ्यायला दहा लाख युरोंचा निधी ठेवला. झोपणारा झोपावा आणि नाचणारा नाचावा, यासाठी सरकारनं पैसे मोजावेत, ही कल्पनाच मला थक्क करते. २०२१ मध्ये जर्मन संसदेनं क्लबांना सांस्कृतिक स्थळं मानायचा ठराव केला, आणि मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती त्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. नियम योग्यच आहे. हळदीशेजारच्या घरातही तान्हं मूल आणि आजारी माणूस असतं. आवाज आतल्या आत ठेवणारी भिंत बांधायचा विचार मात्र आपण अजून केलेला नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. शुक्रवार-शनिवारी बर्लिनची मेट्रो रात्रभर धावते, लंडननंही २०१६ मध्ये ‘नाइट ट्यूब’ सुरू केली. त्यामुळे एकटी मुलगी पहाटे तीनला घरी निघू शकते. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत चोवीस तास दुकानं-मॉल उघडे ठेवायची परवानगी मिळाली, पण बदलापूरकरासाठी रात्र अजूनही शेवटच्या कर्जत लोकलला संपते.

बर्लिनच्या क्लबात जाणार असाल तर ओळखपत्र आणि रोख युरो जवळ ठेवा, मोठ्या घोळक्यानं जाऊ नका, आणि कानात घालायचे बोळे आठवणीनं न्या. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि तेवढाही आवाज तासन्‌तास कानाला चांगला नाही. रात्रीऐवजी रविवारी दुपारी गेलात तर थोडं निवांत ऐकायला मिळतं.

आणि जायच्या आधी एक रेकॉर्ड ऐका. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत गिटार वाजवणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी, तीच टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. ललत, तोडी, यमन, मालकंस. तेव्हा ती फारशी खपली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि ऐकणारे चक्रावले, कारण हे तर हुबेहूब अ‍ॅसिड हाऊस होतं. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. ललतापासून सुरुवात करा, आणि हेडफोन लावूनच ऐका, कारण ३०३ चा खर्ज मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही.