वेगाची किंमत : संगणक, उष्णता आणि मर्यादेची ओळख

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाचे माजी विद्यार्थी शाळेत भेटीस येतात. अशाच एका भेटीत पुण्यात नोकरीस लागलेल्या एका विद्यार्थ्याने स्वतः जुळविलेल्या संगणकाची छायाचित्रे आम्हांस दाखविली. आत रंगीत दिवे, दोन जाड नळ्या आणि तीन पंखे होते. सोबत आलेल्या वडिलांनी हळूच विचारले, "सर, कॉम्प्युटरला पण पाणी लागतं म्हणतो हा. पैसे वाया तर नाही ना जाणार?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, तरी कष्टाच्या पैशाविषयीचा तो प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. ते उत्तर शोधताना जे समजले, ते पालक व माजी विद्यार्थी यांच्यासाठी येथे मांडत आहोत.

संगणकाचा प्रोसेसर ठरावीक ठोक्यावर काम करतो. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदास ५०० कोटी ठोके. कंपनीने नेमून दिलेल्या ठोक्यांपेक्षा अधिक वेगाने तो चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ज्या खेळांत क्षणाक्षणाला नवी दृश्ये रेखाटावी लागतात, ते खेळणाऱ्यांत या प्रकाराचे आकर्षण मोठे आहे.

याचा एक प्रसिद्ध दाखला १९९८ सालचा आहे. इंटेल कंपनीने त्या वर्षी सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मदरबोर्डकडून येणारा ६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका साडेचारपट करून तो हा वेग गाठत असे. हौशी लोकांनी मूळ ठोकाच १०० मेगाहर्ट्झ केला, आणि यांतील बरेचसे प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर विनातक्रार चालू लागले. त्याच वेगाचा पेंटियम २ तेव्हा कितीतरी महाग होता. अर्थात सगळेच ४५० पर्यंत पोहोचले नाहीत. काही वाटेतच अडखळले. अंगावर छापलेला आकडा आणि अंगची कुवत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसले. मात्र ही कुवत प्रत्येकाची वेगवेगळी असते आणि ती तपासूनच कळते, हेही त्याच वेळी दिसले.

वेग वाढविला की अडचण येते ती उष्णतेची. अधिक वेगात प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून त्यास अधिक व्होल्टेज द्यावे लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते. परंतु व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढविले, तर १.१ ला १.१ ने दोनदा गुणल्यासारखा हिशेब होतो आणि उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. लाभ दहाचा आणि भार तेहतिसाचा, असा हा व्यवहार आहे. २०२२ साली आलेला इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर मुळातच २५३ वॉटपर्यंत वीज घेतो, तर त्याच वर्षीचे एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड ४५० वॉट घेते. दोन्ही मिळून पूर्ण भारावर ७०० वॉट, म्हणजे जवळपास घरातील इस्त्रीएवढी वीज झाली. रोज तीन तास अशा भारावर खेळल्यास महिन्याला ६३ युनिट केवळ या दोन भागांचे होतात.

ही सर्व वीज अखेरीस उष्णताच होते. ती बाहेर काढण्यासाठी प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. धातूंच्या दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म फटी तो भरून काढतो. तेथून उष्णता तांब्याच्या तबकडीत, पुढे नळ्यांत आणि मग ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत जाते. पंख्याची हवा ती पात्यांवरून उचलून नेते. पाण्याची योजनाही हेच करते. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. बंद नळ्यांतून ती मोठ्या रेडिएटरपर्यंत वाहून नेते. ही कल्पना काही नवी चैन नव्हे. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाची मंडले तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली असत.

येथे आपल्याकडील उन्हाळ्याचा विचार करणे अगत्याचे आहे. पंखा असो वा पाणी, प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, भारावर त्याचे तापमान हवेपेक्षा ६० अंशांनी अधिक राहते. २५ अंशांच्या खोलीत तो ८५ अंशांवर असेल. परंतु मे महिन्यात नागपूर वा चंद्रपूरच्या ४२ अंशांत तोच १०२ वर जाऊ पाहील. वर उल्लेखिलेल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तेथे पोहोचताच तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे पैसे खर्चून वाढविलेला वेग ऐन उन्हाळ्यात हाती राहत नाही. थंड खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्या घरास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

विक्रमांची गोष्ट वेगळी. २०११ साली एएमडीचा एफएक्स-८१५० द्रव हेलियमच्या साहाय्याने ८.४२९ गिगाहर्ट्झवर नेला गेला. असे विक्रम थोड्या वेळापुरते असतात. त्यावर रोजचे काम चालत नाही. आज कंपन्याच आपले प्रोसेसर मर्यादेच्या अगदी जवळ नेऊन विकतात. १९९८ सारखी शिल्लक आता उरलेली नाही. २०२४ साली इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागितले जाणे हे त्याचे कारण कंपनीने मान्य केले, सुधारणा पुरविली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. परंतु आधीच झिजलेले प्रोसेसर त्या सुधारणेने पूर्ववत झाले नाहीत.

मग करावे काय? प्रथम धूळ काढावी, हवेचा मार्ग मोकळा ठेवावा, जुनी थर्मल पेस्ट बदलावी. संगणक भिंतीस चिकटवून वा बंद कपाटात ठेवू नये. त्यानंतर वेग न वाढविता व्होल्टेज हळूहळू कमी करून पाहावे. ते १० टक्के कमी होऊन प्रोसेसर स्थिर राहिला, तर उष्णता सुमारे १९ टक्के घटते. ज्यास वेगच वाढवायचा आहे, त्याने वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, तोही लहान. काही तास चाचणी घ्यावी आणि प्रत्येक आकडा वहीत लिहावा. संगणक बंद पडला, तर मागच्या पायरीवर परत यावे.

त्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले की, पाणी वाया गेलेले नाही. मात्र मुलाजवळ अशी वही आहे का, ते विचारा. मुलाने मान खाली घातली. यंदाच्या दिवाळीत तो आला, तेव्हा पिशवीतून त्याने प्रथम वहीच काढली. मे महिन्याच्या पानावर व्होल्टेजचे आकडे उतरत्या क्रमाने लिहिलेले होते.