नाव बदलले म्हणून रूप बदलत नाही : फोटोच्या फाइलींविषयी

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला फोटोच्या फाइलींशी काय घेणेदेणे. पण आमच्या मते हा विषय आमच्याच अंगणातला आहे, का ते पुढे येईलच. आधी अडचण पाहू. चिखली घ्या, मेहकर घ्या की देऊळगाव राजा घ्या, कुठल्याही भरतीची शेवटची तारीख जवळ आली की ई-सेवा केंद्रावर एक वाक्य हमखास कानी पडते, "सर, फॉर्म सगळा भरला, पण फोटोच अपलोड नाही होऊन राहिला." वर्ष-दोन वर्षे अभ्यास केलेली मुले शेवटच्या दिवशी एका फोटोपाशी अडून बसतात. सर्व्हर मंद आहे, साइट बंद आहे, अशी कारणे दिली जातात आणि कधी ती खरीही असतात. पण पुष्कळदा दोष त्या फाइलीच्या जातीत असतो.

फोनने काढलेला फोटो म्हणजे मुळात आकड्यांची रांग. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. तसेच्या तसे साठवले तर एक फोटो ३६ एमबी होतो. लग्नात पाचशे फोटो काढणाऱ्या आपल्या लोकांचा फोन हळदीलाच भरून जाईल. म्हणून ते आकडे आवळून, घडी घालून ठेवावे लागतात. ही घडी घालण्याची जी रीत, तिला फॉर्मॅट म्हणायचे. घडी ज्या रीतीने घातली त्याच रीतीने ती उलगडावी लागते. उलगडणाऱ्याला रीत ठाऊक नसेल तर फाइल शाबूत असूनही दिसत काहीच नाही.

आता आमच्या अंगणाकडे येतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, तो संकेताने ठरलेला आहे. भाषेच्या बाबतीत हा वाद चालू द्या. फाइलींच्या बाबतीत मात्र नैयायिकांचाच विजय आहे. त्या आकड्यांत स्वतःहून कसलाच चेहरा नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांचा संकेत जुळला तर चेहरा दिसतो, नाहीतर दिसत नाही. आपण मराठी माणसांनी हे फार पूर्वी भोगलेले आहे. श्रीलिपीत टाइप केलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडले की काय दिसायचे ते आठवा. अक्षरे होती तिथेच होती, संकेत हरवला होता. युनिकोड रुजले तेव्हा कुठे ती कटकट कमी झाली.

फोटोच्या जगातला सर्वांत रुजलेला संकेत म्हणजे जेपीईजी. त्याचे मानक १९९२ सालचे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनात ठळक बदल किती, बारीक बदल किती ते गणिताने वेगळे काढायचे. डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक नीट कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून जे डोळ्याला कळणार नाही ते टाकून द्यायचे. हे गणित नासिर अहमद यांचे, जन्म बंगळुरूचा, काम अमेरिकेत कॅन्सासला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी या कल्पनेसाठी अनुदान मागितले होते, ते नाकारले गेले. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो त्या गणितातून जातो. अनुदान समित्यांविषयी आमचे मत आम्ही इथे सांगत नाही.

जेपीईजीत टाकले ते परत येत नाही, हे लक्षात ठेवा. तीच फाइल पुन्हा पुन्हा दुरुस्त करून सेव्ह केली की दर खेपेला थोडे आणखी जाते. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीत काहीच टाकले जात नाही, म्हणून अक्षरे, सही, स्क्रीनशॉट यांना ती चांगली; माणसांच्या फोटोला मात्र फार जड.

मग घोटाळा कुठे झाला? २०१७ च्या सप्टेंबरात आयफोनच्या आयओएस ११ ने फोटो साठवायला एचईआयसी ही नवी रीत घेतली. जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत तितकाच चांगला फोटो मावतो. रीत गुणाची आहे, पण तिच्या पोटात व्हिडिओचे जे तंत्र आहे, एचईव्हीसी, त्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट आहेत. त्यामुळे सगळ्यांनी ती लगेच स्वीकारली नाही. विंडोजवर ती उघडायला बरेचदा वेगळा जोड बसवावा लागतो. पुण्याहून आलेल्या मावसभावाच्या आयफोनवर काढलेला फोटो गावच्या केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, त्याचे कारण हे. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपीचीही तीच गत. वेबसाइटवरून उतरवलेले चित्र आजकाल अनेकदा वेबपी असते, आणि सरकारी पोर्टल त्याला बरेचदा दारातच अडवते.

इथे लोक एक युक्ती करतात. फाइलीच्या नावामागचे 'एचईआयसी' खोडतात आणि 'जेपीजी' लिहितात. म्हणजे गव्हाच्या पोत्यावर 'तूर' लिहायचे! काही पोर्टल फक्त पोत्यावरचे नाव वाचते, तिथे फाइल आत जाते, 'यशस्वी' असा संदेशही येतो. पुढे छाननीच्या वेळी फोटोच्या जागी कोरा चौकोन निघतो. हे अपलोड न होण्यापेक्षा वाईट, कारण मुलगा निश्चिंत होऊन घरी गेलेला असतो. काही पोर्टल मात्र पोते फोडून पाहते. आपणही पाहू शकतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चिन्हांचा गोंधळ दिसेल, पण पहिल्याच ओळीत एचईआयसी किंवा पीएनजी ही इंग्रजी अक्षरे साफ वाचता येतात. जेपीईजी असेल तर बहुधा जेएफआयएफ किंवा एक्झिफ अशी दिसतात. पाहून झाले की सेव्ह न करता बंद करा, नाहीतर फाइल खराब होईल.

नाव बदलणे नेहमीच खोटे असते असेही नाही. 'जेपीजी' आणि 'जेपीईजी' ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत. जुन्या डॉसमध्ये मागे तीनच अक्षरे चालत, म्हणून एक अक्षर गळाले. एखादे पोर्टल 'जेपीईजी' नाकारत असेल तर तिथे खुशाल नाव बदला. आत तूरच आहे.

खरा उपाय फोनमध्येच आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉर्मॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडले की पुढचे सगळे फोटो जेपीईजीत निघतात. आधी काढलेला फोटो मात्र रूपांतर करूनच द्यावा लागतो, म्हणजे जुनी घडी उलगडून नव्या रीतीने घालावी लागते. हे फोनवर किंवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर करा. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर स्वतःचा फोटो, सही, आधार कार्ड चढवू नका. तुमची सही कुठल्या सर्व्हरवर पडून राहील ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आकाराचेही तसेच. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबी मागतात. सही १४० बाय ६० पिक्सेलची, १० ते २० केबी. मुले काय करतात, तर मोठा फोटो तसाच ठेवून दर्जा खाली खाली नेतात, आणि तोंडावर चौकोन उमटतात. हे तेच आठ बाय आठचे चौकोन. उलट करा. आधी ठिपके कमी करा. २०० गुणिले २३० म्हणजे ४६ हजार ठिपके, न आवळतासुद्धा सुमारे १३५ केबी. मग दर्जाला फारसा हात न लावता फोटो ५० च्या आत बसतो. फार आवळलात तर २० च्या खाली जाईल, आणि तेही चालत नाही.

आपल्या लोणारचे एक उदाहरण देतो. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो जगभर गेले. एका फोनवर पाणी गडद गुलाबी, दुसऱ्यावर फिके, असे अनेकांनी पाहिले असेल. पाणी एकच, मग रंग दोन कसे? आयफोन ७ पासूनचे आयफोन रुंद रंगपट्टा वापरतात. तो कोणता, याची नोंद फाइलीत असते. उघडणारे यंत्र ती नोंद वाचत नसेल तर रंग फिका दिसतो. शिवाय व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो पुन्हा आवळला जातो, आणि कधी, कुठे काढला ही एक्झिफची माहितीही निघून जाते. नात्यागोत्यात हे चालते, उलट आपल्या घराचा ठावठिकाणा बाहेर जात नाही हे बरेच. पण सरोवराच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला तारीख आणि रंग हाच पुरावा असतो. त्याला पाठवायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : फोनवर उभा दिसणारा फोटो फॉर्ममध्ये आडवा का होतो? फोन ठिपके फिरवत नाही, 'मला उभे दाखवा' एवढी चिठ्ठी एक्झिफमध्ये ठेवतो. फॉर्मचे पोर्टल ती वाचत नाही. फोनमध्ये फोटो किंचित कापून नव्याने सेव्ह केला की बहुधा ठिपकेच फिरतात, आणि मग तो कुठेही उभाच राहतो.